पुरी म्हणजे पाव

ओनीत उतरले तेव्हा गाडीच्या टपावरून
माझी बॅग ओढत ड्रायव्हरनं खुणेनं विचारलं, किती?
मी दोन्ही पंजे उघडले. दहा.
त्याला वाटलं दिवस. मला म्हणायचं होतं महिने.
त्यानं मान हलवली,
पाहुण्यांसाठी हलवतात तशी.

पहिले आठवडे ओळखीच्या शब्दांनीच फसवलं.
बेकरीत पुरी म्हणतात म्हणून मागितली,
तर होडीसारखा हातभर पाव मिळाला,
भट्टीच्या भिंतीवरून नुकता सोललेला,
कागदात गुंडाळूनही बोटं पोळणारा.
इथं मामा म्हणजे बाप.
ग्वान्त्सा सांगत होती, मामा पोलंडला ट्रक चालवतो,
चार वर्षांत आला नाही,
आणि मी, चला, मामाच ना, म्हणून
पुढच्या मुलाकडे वळले होते.
कळलं तेव्हा शुक्रवार उलटून गेला होता.

घरमालकीण त्सिआला तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या.
चुलीवर अक्रोड भाजतात, मीठ कमी पडतं,
तिच्या गुडघ्याचं दुखणं निघतं, माझ्या घटस्फोटाचं.
इंग्रजीची गरज दोघींनाही लागत नाही.

म्झेविनार इथं बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवते.
म्हणाली, तुमचं टीव्हीवरच्यासारखं नाही.
नाहीच.
माझं परभणीला पत्र्याखाली शिकलेलं,
व्ही असो की डब्ल्यू, दोघांना एकच व वाढणारं.
तिचं रशियन पुस्तकातून आलेलं,
प्रत्येक र दगडावर घासून.
मधल्या सुट्टीत जिन्यावर आम्ही दोघी
एकमेकींचे उच्चार सांभाळून घेत
काळा चहा पितो.

नोव्हेंबरात धडा आला अ आणि द चा.
त्यांच्या भाषेत ते नाहीत, माझ्याही नाहीत.
ज्याच्या घरी नाही त्यानं
ज्याच्या घरी नाही त्याला उसनं द्यायचं, असला व्यवहार.
मी फळ्यावर लिहिलं:
पहिल्यांदा भेटलं की अ,
ओळख झाली की द.
नूत्सानं हात वर केला.
आणि ओळख झालेलं विसरलं तर, पुन्हा अ?
वर्गातल्या शेगडीत लाकूड तडतडलं.
मी म्हटलं, पुस्तकात नाही ते.

मग बर्फ. रस्ता बंद, वीज जाऊन येऊन,
रिओनी नदी काठाकाठानं गोठलेली
आणि मधून मात्र बडबडत चाललेली.
फोनवर आईनं विचारलं, जेवलीस का,
तर हो च्या जागी तोंडातून इथलं कि निघालं.
ती म्हणाली, की काय?
मी म्हटलं, काही नाही, हो.
बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या तारेवर होतो.

फेब्रुवारीत बाचानाची वही तपासायला घेतली.
त्याला रोज घरून शेगडीसाठी लाकडं आणावी लागतात,
म्हणून वहीत भुसा असतो.
विषय: आपलं गाव.
त्यानं दोनच वाक्यं लिहिली होती.
अ बाई ओनीला आली.
द बाई थंडीनं काकडते.
लाल पेन हातात तसंच राहिलं.
माझ्याकडे बाई म्हणजे बाईसुद्धा आणि शिकवणारीसुद्धा,
हे त्याला कुठून माहीत असणार.
दहापैकी मी सात दिले. शब्दसंख्या कमी होती.

अजून नीट जमलंय असं नाही.
पोस्टात अजून माझ्या नावाची पाच अक्षरं
तीन वेळा सांगावी लागतात.
बसथांब्यावरचा म्हातारा अजून मला
कुठल्या तरी सिनेमातली समजतो
आणि नाचून दाखव म्हणतो.

पहाटे त्सिआला दार वाजवते, दिला मश्विदोबिसा.
दिला म्हणजे सकाळ, आता पाठ झालंय.
तरी अर्धवट झोपेत रोज मी विचारते,
काय दिला? कुणी?
उठून दार उघडते तोवर
उंबऱ्याशी लाकडांचा भारा असतो,
आणि बर्फात तिच्या चपलांचे ठसे
गोठ्याकडे गेलेले.